मधला खण

नाशिकच्या द्वारका चौकात बेंगळुरूची बस उभी होती आणि माझे वडील, आप्पा, क्लीनरशी भांडत होते. भांडण माझ्या गिटारवरून. तिच्यावर कुणी बॅगा टाकल्या तर बघून घेईन, असा त्यांचा दम चाललेला. क्लीनर हिंदीत, आप्पा आमच्या बागलाणच्या अहिराणीत, आणि ऐकत कुणीच नव्हतं. शेवटी गिटार माझ्या मांडीवर आणि कांद्याची गोणी डिकीत, असा तह झाला. बस हलली तसे आप्पा खिडकीखाली आले. नीट राहा, वेळेवर जेव, असलं काही नाही. म्हणाले, "मधला खण रिकामाच शे. ध्यानमा ठेव." मी मान हलवली. नाशिकरोड येईपर्यंत रडले नाही, मग मात्र धरवलं नाही.

शबाना, केतकी, त्या वाक्याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. बाकीच्यांना सांगते. आम्ही तिघी नाशिकच्या एकाच कॉलेजातल्या. मी गाणारी आणि गिटारवाली, मालेगावची शबाना ड्रम्सवर, आणि केतकी तिच्या मामाच्या लग्नाच्या ऑर्केस्ट्रातून बाद झालेल्या कीबोर्डवर. आमचं गाणं पंक. तीन कॉर्ड, पळती लय आणि भरपूर संताप. केतकीला जुन्या विलायती न्यू वेव्हचं वेड, म्हणून ती त्या संतापावर कीबोर्डचे थंडगार, सरळसोट सूर टाकायची, आणि चिडलेलं गाणं चक्क नाचायला लागायचं. हॉस्टेलनं आम्हाला हाकललं. नंतरच्या घरमालकिणीनं तर हात जोडले. मग आप्पा म्हणाले, आपल्या गावी, नामपूरला या, चाळ रिकामी आहे.

कांद्याची चाळ म्हणजे फटीफटींच्या भिंतींची लांब शेड, वारा आरपार जावा म्हणून तशी बांधलेली, आत कांदा भरायला ओळीनं खण पाडलेले. दिवाळी ते गुढीपाडवा ती मोकळी असते. शनिवारी सकाळी आम्ही सटाण्याची एसटी धरायचो, कीबोर्ड मांडीवर. निवडून उरलेल्या बारक्या कांद्याला आमच्याकडे गोल्टी म्हणतात. आम्ही तिघीही बुटक्या, तेव्हा बँडचं नाव पडलं 'गोल्टी'. आप्पांना ते मुळीच रुचलं नाही. पोरींनी स्वतःला बारका माल का म्हणवून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं.

पहिलं गाणं त्यांनी दारात उभं राहून आख्खं ऐकलं आणि विचारलं, "गानं भारी शे. पन भांडन कोनासंगे शे?"

भांडण मुलगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांशी होतं. धृपद होतं, "चहा प्या अन् निघा!" फटींतून आवाज शिवारभर जायचा. शेजारच्या वावरात खुरपणाऱ्या बायकांनी ते धृपद आठवड्यात उचललं. मी म्हणायचे, "चहा प्या अन्..." आणि वावरातून उत्तर यायचं, "निघाऽऽ!" त्यात एक आजीबाई सगळ्यांच्या नंतर, एकटीच, जीव खाऊन ओरडायची. आई कपाळाला हात लावायची. म्हणायची, "आता हिला कोण बघायला येईल!"

पाडव्याला उन्हाळ कांदा आला की आमचं दुकान बंद. एका वर्षी मी फुगून बसले. तर चाळ भरताना आप्पांनी मधला खण सोडला. मधल्या खणात वारा सगळ्यात चांगला लागतो, तिथला कांदा सगळ्यात जास्त टिकतो. तो खण सगळ्यात शेवटी फोडायचा, चांगला भाव आल्यावर, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. तोच खण त्यांनी आम्हाला दिला. दोन्ही बाजूंना कांदा आणि मध्ये आम्ही तिघी. केसांचा वास आठवडाभर जायचा नाही.

मग मला इथल्या, बेंगळुरूच्या एका बँडनं बोलावलं, शबानाला सुरतेच्या कापड मिलमध्ये डिझाइनचं काम लागलं, केतकी पुण्याच्या आयटीत गेली. दर दिवाळीला जमायचं ठरतं, दर दिवाळीला कुणा एकीची रजा नामंजूर होते. आप्पा मात्र दर पाडव्याला तो खण सोडत आले. शबानाचे ड्रम्स ताडपत्रीखाली तिथेच.

इथं आम्ही तासावर जॅमरूम घेतो. एसी, भिंतींना फोम, बाहेर जरासाही आवाज जात नाही. सगळे त्याचं कौतुक करतात. मी धृपद म्हणते आणि ते भिंतीत जिरतं. शोला आलेली पोरंपोरी 'निघा' ओरडतात, अर्थ कळत नाही तरी ओरडतात, गोड आहेत बिचारी. पण मला त्या बायका हव्यात. ती आजीबाई हवी. खोटं कशाला बोलू, कधी कधी माईक बाजूला धरून मी तिची वाट बघते.

या पाडव्यानंतर आप्पांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "यंदा माल बहू शे, माय. खण भरी देऊ का?" दिवाळीपर्यंतही संपू नये इतका कांदा होता; चाळीत न मावलेला बाहेर प्लास्टिकखाली पडला होता आणि आभाळ भरून येत होतं. हा माणूस स्वतःच्या चाळीत स्वतःचा कांदा ठेवायला माझी परवानगी मागत होता! भरा म्हटलं तर 'गोल्टी' संपली, एकदा भरलेला खण पुन्हा आमच्यासाठी कोण सोडणार? नको म्हटलं तर कांदा भिजणार. शेवटी म्हटलं, "भरा, आप्पा."

आप्पा म्हणाले, "भरस. पन यंदा पहिले तोच फोडसूत. दिवाळीले तुम्ही तिन्ही जनी या."

शबाना, तुझे ड्रम्स आईनं घरात घेतलेत, पाहुण्यांच्या बैठकीत. आता कुणी बघायला आलं तर बसायला जागा नाही. आई म्हणे, बरंच झालं.

इथं कुणी गाव विचारलं की मी नाशिक सांगते, नामपूर कुणाला माहीत असणार. भाड्याचं का होईना, घर इथं आहे, बँड इथं आहे, कन्नडही मोडकीतोडकी येते. पण घरी जायचं म्हटलं की मला तेवढाच खण दिसतो, आणि तो आत्ता काठोकाठ भरलेला आहे. तर रजा टाका गं बायांनो, आणि या वेळी नामंजूर झाली तर भांडा. आप्पा शेवटचा खण पहिला फोडणार आहेत.