विनीची न विझणारी चूल

लिही हेटी, पण मी बोलते तस्संच लिही. शाळेतल्यासारखं गुळगुळीत करू नकोस. मी निम्मे दिवस शाळेत गैरहजर, धारा काढायला घरी, म्हणून तर तुला बसवलंय.

वरच्या शेतघरातली विनी अल्डरसन. तू तिला पाहिलंयस, पण पार थकल्यावर. आमचा पन्नास वर्षांचा शेजार, मध्ये फक्त दगडी कुंपण. एवढी संशयी बाई या खोऱ्यात दुसरी झाली नाही. चहाचा पुडा आणला की आधी तराजूत टाकायची. हॅरल्डने लग्नाचं विचारलं तेव्हा हिने आधी त्याच्या मेंढ्यांचे दात बघितले, मग त्याचे. मेंढ्यांचे बरे निघाले म्हणून हो म्हणाली.

आणि तिची ती चूल. बिडाची, काळी, भिंतीएवढी, खाली चार ओव्हन. हॅरल्ड गेला, पोरगा स्टुअर्ट लग्न करून खाली गावात राहायला गेला, पण चूल विझली नाही. वर्षातून एकदा धुराडं साफ करणारा यायचा, तेवढाच काय तो दिवस. त्या दिवशी विनी माझ्याकडे येऊन बसायची, घरात कुणी गेल्यासारखं वाटतं म्हणायची. खालच्या ओव्हनचं दार उघडं टाकून तिने किती गारठलेली कोकरं जगवली, त्याला हिशोब नाही.

दहा वर्षांमागे ऑक्टोबरात तो धुराडंवाला म्हणाला, आत चीर गेलीय, आता पेटवायची नाही. विनीला वाटलं, याचा मेव्हणा चुली विकत असणार. पण चीर खरी होती, मी स्वतः बॅटरी मारून बघितली.

दुसऱ्याच दिवशी सून हजर, गिलियन. म्हणाली, नवी घेऊ, उत्तमातली उत्तम, पैसे आम्ही देतो. ती गेल्यावर विनी माझ्या दारात.

"नोरा, ही पोरगी नाताळला माझ्याच बरणीतला मुरंबा मला भेट देते. हिला आत्ताच एवढा पुळका का आला?"

आता मी काय करावं? मी सांगितलं की पलीकडच्या खोऱ्यात दोन घरांत अशाच महागड्या चुली बसल्या, आणि वर्षाच्या आत म्हाताऱ्या खाली भाड्याच्या खोलीत आणि घरात पैसे देऊन राहणारे सुट्टीवाले पाहुणे. बोलून गेले खरी. विनी नुसती मान हलवत राहिली. त्या घरात ती नवरी म्हणून आली होती आणि तिथूनच तिला जायचं होतं, बाकी काही नको होतं तिला.

शनिवारी आम्ही चौघं, स्टुअर्ट धरून, चुलींच्या दुकानात. सगळीकडे चुली, लाल, निळ्या, मलईच्या रंगाच्या, मोटारीसारख्या चकचकीत आणि किंमतही तशीच. विक्रेता टाय लावलेला. विनीने पिशवीतून दुधाची बाटली काढली. आत अंडी, दूध, पीठ कालवून आणलेलं, आणि कागदात रविवारच्या मटणाखालची चरबी. मटणाबरोबर खातो ते फुगणारं, बिनगोडाचं पुडिंग भाजून बघायला.

"मॅडम, इथे स्वयंपाक करून बघत नाहीत," तो म्हणाला.

"मग घोडाही न पळवताच विकता का?" विनी म्हणाली.

पेटलेली चूल दुकानात एकच होती, मलई रंगाची. विनीने पुडिंग आत सरकवलं आणि चुलीपुढच्या, फडकी वाळत घालायच्या दांडीला पाठ टेकवून उभी राहिली. मी पण. आमच्याकडे पाठ शेकल्याशिवाय चुलीचं कुणी खरं मानत नाही.

गिलियन मात्र एका निळ्या चुलीपाशी घुटमळत होती. बटणांची, गॅसची. तिने विक्रेत्याला तीनदा विचारलं, ही पूर्ण बंद करता येते ना? महिनोन्महिने? विनीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे.

"गिलियन," विनी म्हणाली, "घर कुणाला बंद ठेवायचंय?"

स्टुअर्ट आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"हिवाळ्यापुरतं, विनी. नोव्हेंबर ते मार्च तुम्ही आमच्याकडे."

"आणि घरात पाहुणे?"

"कसले पाहुणे?"

मी पटकन जवळच्या एका चुलीचं झाकण उघडून बघायला लागले.

गिलियनचा आवाज बारीक झाला. "फेब्रुवारीत कोळशाची बादली घेऊन घसरलात, मला सापडलात तेव्हा दोन तास बर्फात पडून होतात. कुणाला सांगू नको म्हणालात. मी यांनासुद्धा सांगितलं नाही. पण अजून एक हिवाळा माझ्याच्याने नाही निघायचा."

मला हे माहीतच नव्हतं, हेटी. पाठीवर हिरवंनिळं झालेलं मी बघितलं होतं, तर मला म्हणाली, मेंढ्याने धडक दिली. पन्नास वर्षांचा शेजार, आणि मी सुनेवर डोळा ठेवून बसलेले.

विनीने दांडीवरची पाठ काढली. मग विक्रेत्याकडे वळली. ही मलईवाली कशावर चालते? तेलावर, तो म्हणाला, टाकी बाहेर, तेल आपोआप येतं, रात्रंदिवस पेटलेली राहते. कोळसा? नाही. बादली? नाही.

"मग मी बाहेर जाऊ कशाला आणि पडू कशाला?"

"आणि जिन्यात पडलात तर?" गिलियन म्हणाली.

"रोज सकाळी येऊन बघ. नाहीतरी तुझी नजर असतेच."

"येईन. पण आतून कडी लावायची नाही."

बाकी सगळं सोपं होतं, हेच अवघड. विनीने जन्मात कडी न लावता डोळा मिटला नव्हता. ओव्हनमधून पुडिंग काढलं, ते पुरीसारखं टम्म फुगलं होतं. तिने तुकडा मोडला, चावला, दुसरा गिलियनच्या हातावर ठेवला.

"बरं," म्हणाली. "नाही लावणार."

चूल तुकड्यातुकड्यांनी आली, दोन माणसांनी स्वयंपाकघरातच जोडली. तेलवाला लबाड असणार म्हणून विनी टाकीत काठी बुडवून मोजत राहिली, तेवढं सुटलं नाही. गिलियन रोज सकाळी यायची, दांडीला पाठ लावून चहा प्यायची. विनी मला म्हणायची, मी मेले का बघायला येते, आणि नाव चहाचं. पण दोन कप आधीच मांडून ठेवलेले असायचे.

नऊ हिवाळे गेले असे. मागच्या जानेवारीत गिलियन आली तेव्हा विनी चुलीशेजारच्या खुर्चीत होती, झोपल्यासारखी. स्वयंपाकघर उबदार होतं. मी गिलियनला एकच विचारलं, कडी?

"उघडी होती," ती म्हणाली.