बॉयलरघरातली पाटी घरी आली

गल्ली ज्यांना बॉयलरवाले आजोबा म्हणून ओळखत असे, त्यांनी कारखान्यात चौतीस वर्षे बॉयलर सांभाळला. तेथे पाळी संपवून जाणारा माणूस येणाऱ्यासाठी भिंतीवरच्या पाटीवर लिहून ठेवी: पाणी किती, वाफ किती, लक्ष कशावर ठेवायचे. माणसाचे नाव लिहायचे झाले तर फक्त स्वतःचे, आणि तेही स्वतःची चूक असेल तरच. आजोबांचे नाव त्या पाटीवर एकदाही आले नव्हते. याचा त्यांना फार अभिमान होता.

निवृत्तीनंतर ते धाकट्या मुलाच्या तीन खोल्यांत राहत. थोरल्याच्या घराचे छप्पर दुरुस्तीला निघाले, तेव्हा तोही बायको आणि दोन मुलींसह दोन महिन्यांसाठी तेथेच आला. दोन्ही मुले एका घरात आली म्हणून आजोबा हरखून गेले. पंधरा दिवसांतच घराची वाफ चढली.

एका सकाळी थोरल्या सुनेने डोक्याला साबण लावला आणि नळाचे पाणी गेले. टाकी ठणठणीत कोरडी; खिडकीतून मागच्या अंगणातला नळ उघडाच दिसत होता.

"मागचा नळ कुणी सोडून ठेवला?" ती न्हाणीघरातूनच ओरडली.

"आमच्याकडे बघू नका, वहिनी," धाकटी म्हणाली. "तुम्ही यायच्या आधी टाकी दोन दिवस पुरायची."

"ऐकलंत ना? आम्ही काय हत्ती आहोत? अहो, बॅगा काढा! आजच भाड्याची खोली बघा. या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही!"

थोरल्याने खरोखरच पलंगाखालची बॅग ओढली.

झाडांना पाणी घालून तो नळ आजोबांनीच उघडा ठेवला होता. कोणी पाहिले नव्हते. गप्प राहिले असते, तर चौतीस वर्षांचा लौकिक शाबूत राहिला असता आणि घर मात्र दुभंगले असते.

त्यांनी नातीची पाटी घेतली, ठळक अक्षरांत लिहिले आणि न्हाणीघरासमोर खिळ्याला टांगली: 'टाकी रिकामी. नळ मी उघडा ठेवला. बॉयलरवाला.'

थोरली फेसाळलेल्या डोक्याने बाहेर आली. तिने वाचले.

"बाबा, तुम्ही? मग तो कारखाना उडाला कसा नाही?"

धाकटीला हसू आवरेना. "थांबा वहिनी, शेजारून दोन बादल्या आणते. डोळे मिटून घ्या, झोंबेल."

बॅग पुन्हा पलंगाखाली गेली. आजोबांनी सर्वांना पाटीचा नियम समजावून सांगितला. संध्याकाळी तिच्यावर दुसरी ओळ उमटली: 'दूध उतू गेले. लक्ष माझे नव्हते. धाकटी.' पुढे थोरल्याने स्वतःच्या घोरण्याचीही नोंद केली.

गवंड्याने दोनाचे तीन महिने लावले, तरी कोणी खोली शोधली नाही. निघताना थोरलीने शेवटची पाळी लिहिली: 'टाकी भरलेली. चार माणसे कमी. लक्ष ठेवा: रविवारी जेवायला येतोय.'

आजोबांनी ती पाटी पुसू दिली नाही. नव्या नोंदींसाठी दुसरी आणली. आल्यागेल्याला ते पहिली ओळ दाखवतात आणि तिच्यातल्या आपल्या नावावर, मान ताठ करून, बोट ठेवतात.