आठ-दहा काकडं

हसणार नाही असं कबूल करत असाल, तरच सांगतो. कारण या किश्श्यात मी माझ्या सख्ख्या सासऱ्यांना, अगदी चांगल्या हेतूने, दिवसभरासाठी मुकं करून ठेवलं!

सासरे सासवडचे. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण माझ्याबद्दल कौतुकाचा एक शब्द त्यांच्या तोंडून निघालेला नाही. कर्जतला दहिवलीत फ्लॅट घेतला तेव्हा म्हणाले, "जावईबापू, आहे काय तिथं?" मी म्हटलं, "स्टेशन." दुसरं काय सांगणार? घर ते स्टेशन एवढाच रस्ता मला ठाऊक!

यंदा ते येणार म्हटल्यावर मी पेटलोच. सोसायटीमागच्या टेकडीवर ठाकरवाडी आहे. तिथल्या यमुनाबाई रानभाजी घेऊन बाजारात येतात. त्यांना म्हटलं, "मलाही न्या की एकदा."

"चल की रं दादा. पन चप्पल नको, बूट घाल."

काय सांगू तुम्हाला! घरापासून पंधरा मिनिटांवर एवढं जग होतं आणि मी आठ वर्षं गॅलरीत बसून मोबाइल बघत होतो. यमुनाबाई साठीच्या, पण मी अर्ध्या चढावर धापा टाकत असताना त्या वर बसून माझी वाट बघत होत्या. दगडाआडचा झरा, साळिंदराचा काटा, सगळं त्यांच्या ओळखीचं. मला नुसता पाचोळा दिसायचा, त्यातून त्या शेवळाचा कोंब अलगद काढायच्या. शेवळं म्हणजे वळवाच्या सरी पडल्या की जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. मी मनातल्या मनात बाईंना हात जोडले.

उतरताना त्या म्हणाल्या, "भाजीत आठ-धा काकडं ठेचून घाल बरं का. नायतर घसा धरंल. काकडं हायत ना घरी?"

"आहेत की! फ्रिजमध्ये."

"फ्रिजात?" त्या थबकल्या. "बरं बाबा. तुमी शिकलेली मान्सं."

घरी बायको म्हणाली, "अहो, शेवळात काकडी? नक्की?"

"अगं, इकडे काकडीला काकडं म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे ते. त्यात नाक खुपसू नकोस."

फ्रिजमध्ये चारच होत्या. धावत जाऊन आणखी सात आणल्या. एक कोशिंबिरीला ठेवली, बाकी दहाच्या दहा ठेचल्या!

सासऱ्यांनी पहिला घास घेतला. "वा..." म्हणाले. अकरा वर्षांतला पहिला 'वा'! पण तो तिथेच अडकला. डोळ्यांत पाणी आलं. "घसा... खाजतोय..."

"काकडी कमी पडली!" असं म्हणून मी उरलीसुरली सगळी भाजी, त्यावर कोशिंबिरीतली काकडी घालून, त्यांच्याच ताटात वाढली. बिचाऱ्यांनी विश्वासाने आणखी दोन घास खाल्ले. मग आवाजच बंद.

मी टेकडीवर धावलो. चपलेवर! ऐकून यमुनाबाई हसून हसून खाली बसल्या. "आरं दादा, काकडी नाय रं! काकडं! झाडाची आंबट फळं असत्यात!"

त्या लगेच माझ्याबरोबर खाली आल्या आणि आमच्या गेटपाशी थांबून वर बोट दाखवलं. "ह्यं काय काकडाचं झाड."

तेच झाड! त्याच्या सावलीत मी आठ वर्षं स्कूटर लावतोय आणि 'हे झाड सीटवर कसली तरी हिरवी फळं पाडतं, तोडून टाका' असा अर्ज सोसायटीकडे मीच केलाय. यमुनाबाईंनी सासऱ्यांना आधी चिंचेचं पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी स्वतः उभं राहून काकडं घातलेली भाजी केली.

सासऱ्यांनी तीनदा मागून घेतली. "यमुनाबाई, असलं जेवण सासवडात मिळायचं नाही! काय नाही तुमच्या दहिवलीत!"

मग माझ्याकडे वळले. मी कान टवकारले.

"जावईबापू," ते म्हणाले, "काकड्या मात्र तुम्ही अगदी कोवळ्या निवडल्या होत्या हं."