जो मागेल त्याच्याच खोलीत

जनार्दनमामा कुठल्याही खोलीत शिरले की आधी वायरी बघायचे, मग माणसं. कर्जतच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते प्रयोगशाळा सहायक होते. गाव कडाव, घरची थोडी भातशेती. संगणकांचं जाळं त्यांच्याकडे कोणी सोपवलं नव्हतं; बघणारं दुसरं कोणी नव्हतं, एवढंच.

गणिताला मी एकटी, तीही तासिका तत्त्वावर. अकरावीच्या चार तुकड्यांना एकदम शिकवता यावं म्हणून मी एका रिकाम्या खोलीत कॅमेऱ्यासमोर उभी राहायची आणि तास चार वर्गांतल्या पडद्यांवर जायचा. पहिल्याच दिवशी ऑफिसातले सगळे संगणक अडकले. प्राचार्य म्हणाले, "हे बंद करा."

सगळ्या वायरी ज्या डब्यात येतात त्या स्विचसमोर मामा दोन दिवस बसून राहिले. "मॅडम, ह्यो डबा तुमचा तास समद्यांनाच वाटत सुटलाय. ऑफिसला तुमचं गणित कशाला पायजे? जो मागंल त्याच्याच खोलीत द्यायचं." त्यांनी तसं केलं. मग तास दर चार-पाच मिनिटांनी तुटू लागला. तेही त्यांनी शोधून काढलं. कोणत्या पडद्याला अजून तास हवाय याची खात्री स्विचने अधूनमधून करून घ्यायची असते, ती सोय चालूच नव्हती. त्यानंतर तास कधी तुटला नाही, ऑफिसही अडकलं नाही.

मात्र आता कोणत्या वर्गात पडदा चालू आहे, ते मामांच्या संगणकावर दिसू लागलं. प्राचार्यही ती यादी बघायचे. दिवाळीपर्यंत चार वर्ग होते. नंतर मुलं खालापूरकडच्या गोदामांत कामाला लागली, कशेळ्याकडच्या मुलींनी जीपचा प्रवास सोडला. नावं पटावर राहिली. चाराचे दोन झाले, मग फक्त क तुकडी उरली.

"मामा, आज किती?" मी रोज विचारायची.

"एक हाय. शिकवा तुमी."

क तुकडी मैदानापलीकडच्या इमारतीत होती. तास संपताच मला नेरळच्या शिकवणीला पळावं लागे, म्हणून मी तिकडे कधी गेले नाही. पण त्या एका वर्गासाठी मी मार्चपर्यंत जीव ओतून शिकवलं. जूनमध्ये गणित विषयच बंद झाला. माझं काम गेलं, पुढे मामांचंही.

काही महिन्यांनी ते कडावला डेअरीच्या रांगेत भेटले, हातात दुधाची किटली. मी विचारलं, "मामा, शेवटी क तुकडीत कोण कोण बसायचं हो?"

"कोण नव्हतं, मॅडम. मीच पडदा लावून बसायचो. यादीत एकबी वर्ग नसता तर प्राचार्यांनी तुमचा तास बंद केला असता."

"काही कळायचं का?"

"नाय. पन तुमी मधीच थांबून म्हनायच्या, समजलं का? तवा मी हो म्हनायचो."

रांग पुढे सरकली, तसे मामाही सरकले.