दिब्रुगड ते कऱ्हाड

हरणाबाई पहाटे गेल्या आणि थोरल्या भाऊसोनं पहिला फोन धाकट्याला, कृष्णातला लावला. विट्याकडची माणसं सोनं गाळायच्या, गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. कृष्णात दिब्रुगडला, पार आसामच्या टोकाला होता.

आईला अग्नी धाकट्यानं द्यायचा, ही रीत. पण गलाईवाल्यांच्या घरांत आणखी एक रीत पडून गेली होती. लांबच्या पोरासाठी थांबायचं नाही. वडील गेले तेव्हा कृष्णात आगगाडीनं आला, तो राख सावडून झाल्यावर. उंबऱ्यातच बसून राहिला, आत येईना. ते भाऊसोला विसरता आलं नव्हतं.

"दादा, इमानानं येतूय. साडेचार तासाचं तर काम हाय. थांबा."

"तीनपातूर येतोय," भाऊसोनं अंगणात सांगून टाकलं. विमानाचे साडेचार तास आणि पुण्याहून मोटारीचे चार, एवढंच त्यानं धरलं होतं. मध्ये कोलकात्याला उतरून दुसऱ्या विमानासाठी बसून राहावं लागतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मे महिन्याचं ऊन. बर्फाच्या लाद्या दोनदा बदलल्या. साडेतीनला फोन आला. कृष्णात आत्ता कुठं पुण्यात उतरला होता.

"म्हंजे गावात आठ वाजणार," चुलते नानासो उठले. "दिवस मावळल्यावर अग्नी द्यायचा न्हाई. उचला."

"आवं नाना, एवढ्या लांबनं आलाय..." भाऊसो म्हणाला.

"आलाय की! पर पुण्याफुडं रस्ताच हाय न्हवं? का अंगणात उतरीवतूस इमान?"

कुणीतरी हसलं. तिरडीच्या दोऱ्या आवळल्या गेल्या. अग्नी आता भाऊसोलाच द्यावा लागणार होता. एकदम तो म्हणाला, "आईला कऱ्हाडला नेऊ. संगमावर. त्येच्या वाटंवर हाय, तासभर वाचंल."

"गाव सोडून? चार पिढ्या वड्याकाठी जळल्या, त्या काय येड्या हुत्या?"

"न्हाई. पर त्येंची पोरं गावात हुती."

नानासो चपला शोधत म्हणाले, "टेम्पो कुणाचा हाय?"

निघायच्या आधी कृष्णातला संगमावरच यायला सांगितलं. वाटेतलं कडेगाव मागं पडलं तरी भाऊसोची नजर उन्हावरच होती. संगमावर लाकडं रचून झाली, तेव्हा सूर्य पलीकडच्या झाडांत शिरला होता. कृष्णातचा फोन लागेना.

"आता तूच धर," नानासो हळू म्हणाले.

भाऊसोनं पेटती शेणी हातात घेतली. दोन पावलं टाकली, तोच पायऱ्यांवरून हाक आली, "दादा!"

शर्ट पाठीला चिकटलेला, पायांत बूट तसेच. कृष्णातनं आईच्या कपाळावर हात ठेवला. बर्फानं ते गार पडलं होतं.

"हितं कशी आणली आईला?"

"तू येत हुतास. म्हून निघाली."

भाऊसोनं शेणी त्याच्या हातात दिली. भटजी पलीकडच्या काठाकडं बघून घुटमळले; तिथं सूर्य दिसत नव्हता. नानासोंनी तिकडं मानही वळवली नाही.

"दिवस हाय अजून," ते म्हणाले. "लाव."