जयमालाचं ‘येते’

आपल्याकडे निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. तिरडीवरचं माणूस तेवढं जाते. बाकी सारे ‘येतो’ म्हणतात आन चालले जातात. जयमालाच्या मामानं तिले बालगृहाच्या फाटकात सोडलं, तवा तोही ‘येतो बरं माय’ असंच म्हणला. पोरगी लहान. तिनं ते खरं धरलं. ऐतवार आला का वेणी घालून फाटकापाशी बसे. मामा काही आला नाही. संगतीच्या पोरींनी तिचं नावच ‘येतो’ पाडलं. “ए येतो, तुहा मामा आला वं!”

तीच जयमाला आता बिनमायबापाच्या लेकरायले घर पाहून देते. समाजसेविका म्हणतात लोक. काम म्हणजे एसटीत उभं राहणं, कोणाच्याही ओट्यावर बसणं आन सारं ऐकून घेणं. संध्याकाळी पाय फुगून येतात. पण एक गोष्ट तिनं पक्की धरली : निघताना ती ‘जाते’च म्हणते. लोक नाक मुरडतात. मुरडू दे.

यंदा तिनं प्रतीक्षाले साखरखेर्ड्याले आणलं. माय वारलेली, बापाचा पत्ता नाही, बालगृहात पोरगी कोणाशी बोलेना. एकट्या राहणाऱ्या आत्यानं, वच्छलाबाईनं, सांभाळाची तयारी दाखवली. बालकल्याण समिती म्हणली, आधी काही दिवस ठेवून पाहा. आत्यानं नाही म्हटलं तर पोरगी वापस बालगृहात.

चहा झाला. जयमाला उठली. “बरं मावशी, जाते मी.”

वच्छलाबाईच्या हातातली बशी तशीच राह्यली. “काय म्हनलं?”

“जाते म्हनलं.”

“अवो, तोंडाले काही लगाम? आमचे मालक असेच ‘जातो’ म्हणून बाजाराले गेले. गाडी पलटली. येते म्हना!”

“मी नाही म्हनत तसं, मावशी. खोटं पडते.”

“मंग पोरीलेबी घेऊन जा. असल्या अशुभ बोलावर आलेलं लेकरू मले नोको.”

दाराआड प्रतीक्षा उभी होती. कोपऱ्यातली आपली पिशवी उचलून तिनं काखेत घेतली.

जयमालानं त्या पिशवीकडे पाह्यलं. “येते,” ती म्हणली. मंग पोरीकडे वळली. “मंगळवारी येते.”

“आता कसं!” वच्छलाबाई हसली. “म्हनाचं अस्ते वो ते. यावंच लागते असं थोडीच हाय?”

“मले लागते.”

मंगळवारी जयमालाच्या अंगात कणकण. त्यात ऑफिसातल्या वैजनाथ साहेबानं सोनाळा गावचं काम काढलं. “साखरखेर्ड्याले फोन करून टाका ना. पोरगी बरी हाय म्हनते आत्याबाई.”

“सोनाळ्याले उद्या जाते, साहेब.”

“अशानं मरसान एखाद दिवशी.”

“हाव,” म्हणली, आन मेहकरच्या स्टँडवर येऊन उभी राह्यली. गाडीत जागा भेटली नाही.

उन्हं कलल्यावर पोचली. प्रतीक्षा ओट्यावर बसून होती, वेणी घातलेली. जयमालाले पाहून ना उठली, ना हसली.

“आत्या म्हने, मॅडम लोक असंच म्हनतात.”

“मंग तू काऊन बसली?”

“असंच.”

वच्छलाबाई पदराले हात पुसत बाहेर आली. “अगाई, खरंच आल्या का वो! सकाळपासून जेवली नाही ही. म्हने आधी पाहते, मॅडम येतात का. घ्या, दोघीबी बसा आता.”

भाकर अन् ठेचा. पोरीनं खाली मान घालून खाल्ली, वरून अजून अर्धी मागितली. वच्छलाबाई तव्याकडे तोंड करूनच म्हणली, “राहू द्या इले माह्यापाशी. समितीले सांगा.”

जयमालाले बरं वाटलं का, कोणास ठाऊक. तिले झोप येत होती. भिंतीले हात लावून ती उठली.

“येते.”

“कवा?” प्रतीक्षानं इचारलं.

सोनाळा, ताप, उभ्यानं केलेला प्रवास, सारं जयमालाच्या डोळ्यापुढून गेलं.

“पुढल्या मंगळवारी,” ती म्हणली, आन फुगलेला पाय चपलेत कोंबाले लागली.