मुख्यालयाची फरशी

सरकारी टीव्हीचं दिल्लीतलं मुख्यालय बांधलं जात होतं, तेव्हा माझे वडील तिथं फरशी घासायला होते. मी दोन वर्षांचा असेन. जालन्याहून एका मुकादमाबरोबर आठ-दहा गडी गेले होते. जिने, व्हरांडे, स्टुडिओबाहेरचा मोठा हॉल, सगळं त्यांनी मशीनवर घासलं. तोंडाला रुमाल बांधायचा, तो घामानं भिजला की काढून ठेवायचा. पुढं जालन्यातही आयुष्यभर हेच काम केलं, पण सांगायचे तिथलंच. बातम्या लागल्या की म्हणायचे, "ह्यो माणूस माझ्या फरशीवरून चालत येतो."

मागच्या वर्षी त्यांचा दम वाढला. आधी टीबीची औषधं झाली. मग छातीचा फोटो पाहून एका डॉक्टरांनी विचारलं, "दगडाच्या धुळीत काम केलंय का?" कामाचा लेखी पुरावा आणला, तर धुळीच्या आजाराची नोंद करता येईल, असं ते म्हणाले. मुकादम कधीच वारला होता. एमआयडीसीतल्या मिलमधून चार दिवसांची रजा काढून मी दिल्लीला गेलो.

मुख्यालयात शिरल्यावर भिंतीवर इमारतीचा इतिहास फोटोंमधून लावलेला होता. पायाभरणी, उद्घाटन, हार घातलेले पाहुणे. एका फोटोत अर्धवट झालेला हॉल होता, त्यात माणूस एकही नव्हता. बांधकाम विभागातल्या बाईंनी जुनं रजिस्टर शोधून काढलं, पानं उलटली.

"यात कंत्राटदाराचंच नाव आहे," त्यांनी हिंदीत सांगितलं. "मजुरांची यादी आमच्याकडे कधी आलीच नाही."

घरी आलो तेव्हा बाबा उशीला टेकून बसले होते. कागदाचं त्यांनी विचारलं नाही.

"फरशी कशी हाय?"

"वरून नव्या टाइल्स बसवून राह्यलेत, बाबा. हॉलमधी काम चालू हाय."

त्यांनी धाप जरा आवरली. मग म्हणाले, "कापायचं मशीन असंल. पोरांनी तोंडाला काही बांधलं होतं का?"

मी त्या पोरांच्या शेजारूनच गेलो होतो. डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून मान खाली घालून.

"न्हाई पाह्यलं," मी म्हणालो.

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. पंधरवड्यानं ते गेले. मृत्यूच्या कागदावर 'हृदयक्रिया बंद पडल्यामुळे' एवढंच लिहिलं होतं. मी सही करून तो घेतला.